चिंचवड ते कऱ्हाड, विजेवर

जुन्या वस्तूच्या पारखीत आपण बायका कुणाला हार जात नाही. बोहारणीनं पुढं केलेलं पातेलं आधी उजेडाकडं धरून पाहायचं, बुडाला टिचकी मारायची, काठावरून बोट फिरवायचं आणि मगच साड्यांचं गाठोडं सोडायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण जुन्या मोटारीचा विषय निघाला, की "त्यातलं ह्यांना विचारा" म्हणून आपण स्वयंपाकघराकडं वळतो. मीही वळले असते. पण गरज माझी होती आणि पैशांतला मोठा वाटाही माझा होता. म्हणून २०२५ च्या संक्रांतीच्या आठवड्यात, वापरलेली आणि भरपूर चाललेली विजेची गाडी पाहायला मी स्वतः चिंचवडला गेले. तीच गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रस्त्यानं कऱ्हाडला आलो. त्या गाडीची आणि त्या रस्त्याची ही हकिकत.

आधी गरज सांगते. मी ढेबेवाडीच्या बाजूला, घरापासून २२ किलोमीटरवर असलेल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. महिन्याला अकरा हजारांच्या आसपास मिळतात. शाळा दीड वाजता सुटते. एस.टी. मात्र सव्वा वाजता निघून गेलेली असते, आणि पुढची साडेतीनला! धाकटा दोन वाजता शाळेतून येतो, सासूबाईंचे गुडघे धरलेले. वर्षभर शेजारणीच्या जिवावर काढलं. स्कूटीवर जाऊन पाहिलं, तर पावसाळ्यानं आणि पाठीच्या मणक्यानं नको म्हटलं. आमची पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी ह्यांना दुकानाच्या कामासाठी खेड्यापाड्यांत न्यावी लागे आणि तीही दुरुस्तीला आलेली. शिवाय हिशेब साधा होता. रोज ४४ किलोमीटर म्हणजे तीन लिटर पेट्रोल, दिवसाला तीनशेच्या वर. पगारातले सात-साडेसात हजार नुसते टाकीत ओतायचे? नोकरी सोडायची एवढंच उरलं होतं. तसं बोलूनही झालं होतं घरात.

नवी विजेची गाडी आमच्या ऐपतीबाहेरची. मग वापरलेल्या गाड्यांचा शोध सुरू झाला. त्यात ह्यांना चिंचवडची एक टाटा नेक्सॉन ईव्ही सापडली. मार्च २०२१ ची, खाजगी मालकीची, किंमत सहा लाख. पण चाललेली किती? तर १,१२,६४० किलोमीटर!

आकडा ऐकून घरात शांतता पसरली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, लाख किलोमीटर म्हणजे गाडीची साठी उलटली. बॅटरी गेली तर गाडीच्या निम्मे पैसे तिथंच जातील." सासूबाई तर म्हणाल्या, "अगं, एवढी चाललेली बाई असती तर तिला घरी बसवली असती!" सगळे हसले, मीही हसले. पण पोटात कालवत होतं. सहा लाखांतले दोन लाख तीस हजार माझ्या शिकवण्यांचे होते, नऊ वर्षं संध्याकाळी पोरांना शिकवून, भिशीत घालून, ठेवीत ठेवून जमवलेले. जुनी गाडी विकून नव्वद हजार येणार होते, एक लाख दुकानातून, आणि उरलेले एक लाख ऐंशी हजार पतसंस्थेचं तीन वर्षांचं कर्ज.

शनिवारी सकाळी आम्ही कऱ्हाड स्टँडवरून स्वारगेटची एस.टी. धरली. २०२३ च्या मार्चपासून आपल्याला एस.टी.त अर्धं तिकीट आहे, त्यामुळं ह्यांच्या निम्म्या पैशांत मी पुण्याला! साताऱ्यापर्यंत रस्त्याचं सहापदरीकरण चाललेलं, गाडी सारखी कडेच्या कच्च्या रस्त्यावर उतरायची आणि पुन्हा चढायची. एरवी मी खिडकीशी डोकं टेकून झोपते. त्या दिवशी मात्र उद्या ह्याच रस्त्यानं परत यायचंय, ह्या विचारानं डोळा लागेना. कुठं चढ आहे, कुठं उतार आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. खंबाटकी तर कळलीच नाही. पुण्याकडं जाणारी वाहनं बोगद्यातून जात, येणारी घाट चढून येत. म्हणजे जाताना बोगदा आणि उद्या येताना घाट! मनात म्हटलं, खरी परीक्षा उद्याच आहे.

स्वारगेटला उतरून मेट्रो धरली. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि आम्हां कऱ्हाड-सातारकरांची मोठी सोय झाली. जमिनीखालून निघून, मग पुलावरून, थेट पिंपरीला. तिथून रिक्षानं वन्संच्या घरी.

वन्संच्या यजमानांनी त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं आम्हांला आधी नेलं. तिथं त्याच कंपनीची, त्याच साली घेतलेली दुसरी गाडी उभी होती. चाललेली फक्त ४१,००० किलोमीटर. वर नुसतं पॉलिश, आत अत्तराचा वास. किंमत सहा लाख नव्वद हजार. ह्यांचा जीव तिच्यावर गेला. मी पाटी पाहिली. विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्यावर अक्षरं पांढरी असली तर गाडी खाजगी, पिवळी असली तर भाड्याची. ही पांढरीच होती. मग मी विचारलं, "शेवटची कधी चालली?" तर म्हणे आठ महिने जागेवरच आहे. "चार्जिंग किती ठेवून उभी होती?" त्याला सांगता येईना. "बॅटरीची तपासणी करून कागद द्याल का?" तर म्हणाला, "ताई, एवढी कमी चाललीय, तपासायचंय काय त्यात?"

इथं थोडं थांबून बॅटरीचं सांगते, कारण सगळा खेळ तिचाच आहे. ह्या गाडीची बॅटरी नवी असताना ३०.२ युनिट वीज साठवते. युनिट म्हणजे आपल्या घरच्या बिलातलंच युनिट. कागदावर नव्या गाडीचा पल्ला ३१२ किलोमीटर लिहिलेला असला, तरी आपल्या रस्त्यांवर एका युनिटात साडेसहा-सात किलोमीटर धरावेत, म्हणजे दोनशेच्या आत-बाहेर. वर्षं सरतात तशी साठवण कमी होत जाते. पण ती नुसत्या चालण्यानं होते असं नाही. सततचं ऊन, महिनोन्‌महिने शंभर टक्के भरून किंवा पार रिकामी करून उभी ठेवणं, रोज उठून घाईच्या चार्जरवर लावणं, ह्यानं बॅटरी लवकर थकते. आत शेकडो लहान सेल असतात, त्यांचे गट एकापुढं एक ओळीनं जोडलेले. दिंडीत एक म्हातारा दमला की सगळ्यांनाच हळू चालावं लागतं ना, तसा एक गट कमजोर पडला की पूर्ण बॅटरी त्याच्या चालीनं चालते. हे बाहेरून पॉलिश बघून कळत नाही. म्हणून ४१,००० ची गाडी चांगली असेलही, पण मला ती कळायला मार्गच नव्हता. आम्ही चहा घेऊन उठलो.

१,१२,६४० वाली गाडी एका सोसायटीच्या तळघरात उभी होती. मालकीणबाई माझ्याच वयाच्या, शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला. रोज चिंचवड ते शिरवळ आणि परत, सव्वाशे किलोमीटर. जवळजवळ चार वर्षं! आता बदली चेन्नईला झाली, म्हणून गाडी विकायची. मी म्हटलं, "ताई, एवढं चालवलंत, त्रास नाही झाला?" त्या आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. दोनशे पानी, साधी शाळेची वही. त्यात प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख, टायर कधी बदलले, कुठं चार्जिंग केलं, किती टक्क्यांवरून किती टक्क्यांपर्यंत, सगळं आपल्या दुधाच्या हिशेबासारखं लिहिलेलं. बहुतेक सगळं चार्जिंग रात्री घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर. घाईचं चार्जिंग महिन्यातून एक-दोनदा. वही चाळताना माझ्या मनातली निम्मी भीती गेली. निम्मी उरलीच होती.

ती घालवायला आम्ही गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरात नेली. आधीच वेळ घेऊन ठेवली होती. गाडीला यंत्र जोडून त्यांनी बॅटरीची तब्येत काढली : ८८ टक्के. सेलच्या गटांमध्ये फारसा फरक नाही. खालच्या बाजूला ठोकर नाही, पाणी शिरल्याची खूण नाही. आमच्याकडं २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न विचारावाच लागतो. टायर मात्र लवकरच बदलावे लागतील, आणि लहान बॅटरीही. ही लहान बॅटरी म्हणजे दिवे, दारं आणि गाडी जागी करण्यासाठी असलेली १२ व्होल्टची वेगळी बॅटरी. ती गेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची उठत नाही! ह्या दोन्हींपोटी मालकीणबाईंनी पंचवीस हजार कमी केले. ब्रेक मात्र चांगले निघाले. ह्या गाड्यांत पाय उचलला की मोटारच वेग कमी करते, त्यामुळं ब्रेक कमी झिजतात.

रात्री वन्संच्या स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता, मी हिशेब मांडला. कंपनीची बॅटरीवर हमी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. दुसऱ्या मालकाला ती चालू राहील, हे सर्व्हिस सेंटरकडून लिहून घेतलेलं. १,६०,००० तून १,१२,६४० गेले, उरले ४७,३६०. शाळेचे वर्षाला दहा हजार किलोमीटर, वर बाजार, दवाखाना, लग्नकार्यं धरून साडेबारा हजार. म्हणजे हमी पावणेचार वर्षं पुरते. आणि कर्ज किती वर्षांचं? तीन! कर्ज फिटेपर्यंत बॅटरी हमीखाली आहे.

"आणि त्यापुढं?" ह्यांनी विचारलं.

"त्यापुढं समजा बॅटरी सत्तर टक्क्यांवर आली. तरी एकवीस युनिटं राहतात. एकवीस युनिटांत सव्वाशे किलोमीटर. आणि मला जायचंय किती? चव्वेचाळीस."

हे काही बोलले नाहीत. भाकरी उलटवून माझ्याकडं पाहिलं फक्त. वन्सं मात्र म्हणाल्या, "वहिनी, गाडी किती चालली हे सगळेच विचारतात हो. आपल्याला किती चालायचंय, हे कुणी विचारत नाही." मला त्यांचं हे म्हणणं फार पटलं.

सकाळी सही-शिक्के झाले. आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे नमुने, बँकेचा बोजा उतरल्याचा ३५ नंबरचा, पीयूसीची गरज नाही, विम्याची प्रत. निघताना मालकीणबाईंनी गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला. मी त्यांच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि तिळगूळ दिला. संक्रांत होऊन पाचच दिवस झाले होते. त्यांनी ती वही माझ्या हातात ठेवली. "ताई, अर्धी कोरी आहे. तुम्ही भरा."

सव्वाआठला निघालो तेव्हा पडद्यावर आकडा होता ९८ टक्के. चिंचवड ते कऱ्हाड सुमारे १७५ किलोमीटर. एवढं एका दमात जाणं ह्या बॅटरीला जड, म्हणून साताऱ्याला थांबून चार्जिंग करायचं ठरवलेलं.

पहिली गंमत म्हणजे आवाज नाही. गाडी चालू आहे का बंद, हेच कळेना. गिअर नाही, क्लच नाही. बाह्यवळणावरून नवले पुलापाशी आलो तेव्हा ८५. तिथून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत नुसता चढ. हा चढ मी एस.टी.तून शेकडो वेळा गेलेय, पण तो चढ आहे हे मला कधी जाणवलंच नव्हतं. आता एकेक टक्का डोळ्यांसमोर उतरत होता. बोगद्यापाशी ७९. ह्यांचा चेहरा उतरला. "अशानं साताऱ्याला पोचू का आपण?" पण बोगदा सुटला आणि उतार लागला. खेड शिवापूर गेलं, नसरापूरचा बनेश्वराचा फाटा गेला, आणि आकडा जणू पेंगायला लागला. पाच-पाच मिनिटं हलेचना! कापूरहोळच्या पुढं नीरेचा पूल ओलांडला, पुणे जिल्हा संपला, सातारा जिल्हा सुरू झाला. शिरवळला ६४.

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीकडं जाणाऱ्या वळणावर मला उगाच वाटलं, गाडी आता आपणहून तिकडं वळते की काय! चार वर्षांची सवय. आम्ही तिथं उतरून वडापाव खाल्ला, आणि पुढं गाडी मी घेतली. घाट मला स्वतःला चढायचा होता. उद्यापासून गाडी मी चालवणार, तर तिचा दम मलाच कळायला हवा.

खंडाळ्याला ५८. हे सातारा जिल्ह्यातलं खंडाळं बरं का, लोणावळ्याचं नव्हे! आणि मग खंबाटकी. पुढं दोन साखर पोत्यांचे ट्रक, घरघरत, काळा धूर सोडत. आमची गाडी त्यांच्यामागून हूं की चूं न करता चढत होती. पेट्रोलच्या गाडीत चढावर गिअर टाकताना जी धांदल उडते, ती नाहीच. फक्त आकडा उतरत होता. ५६... ५४... ५१... खामजाईच्या देवळाशी मी मनातल्या मनात हात जोडले. माथ्यावर आलो तेव्हा ४९. आठ किलोमीटरांत नऊ टक्के! ह्यांनी वहीत लिहून घेतलं.

आता उतार. मी पाय उचलला. गाडी आपोआप आवरली, आणि पडद्यावरचा बाण उलटा फिरला. चाकं मोटार फिरवतात, मोटार वीज करते आणि ती परत बॅटरीत जाते, हे मी वाचलं होतं. प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा मात्र लहान मुलासारखा आनंद झाला. घाट उतरून वेळ्याला आलो तेव्हा आकडा ५०. एकोणपन्नासचे पन्नास! नऊ गेले आणि एक परत आला. फार नव्हे. पण रस्ता काहीतरी परत देतो, हे एस.टी.त बसून मला कधी कळलं नसतं.

सुरूरला वाई-महाबळेश्वरचा फाटा. भुईंजला कृष्णा ओलांडली. जानेवारीचे दिवस, त्यामुळं उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्याला. ह्यांनी सांगितलं, "घाई करू नकोस, सत्तरवर ठेव." हेही त्या वहीतलंच शहाणपण. नव्वदच्या पुढं गाडी पळवली की वाऱ्याशी झगडण्यातच वीज जाते, आणि पल्ला भराभर कमी होतो. अजिंक्यतारा दिसायला लागला तेव्हा ३० आणि साताऱ्याला हमरस्त्यावरच्या हॉटेलाशी उभं राहिलो तेव्हा २९.

आणि तिथं पहिला अडथळा. दोन चार्जर, त्यातला एक बंद! दुसऱ्यावर एक गाडी लागलेली, तिची पंचवीस मिनिटं बाकी. आमच्यामागून आलेले एक गृहस्थ तर वैतागून भांडायलाच उठले. आम्ही काय केलं? दशम्या सोडल्या. खरं सांगायचं तर २९ टक्क्यांत कऱ्हाड ५२ किलोमीटर, जेमतेम पोचलोही असतो. पण कुठल्या तरी वळणरस्त्यावर गर्दीत अडकून जीव टांगणीला लावण्यात काय अर्थ? आपला नंबर आल्यावर चाळीस मिनिटं गाडी लावली. तेवढ्यात मी आठवीच्या अकरा वह्या तपासल्या, स्वच्छतागृहात जाऊन आले (हॉटेल निवडताना चार्जरइतकंच हेही बघा गं!), सासूबाईंसाठी कंदी पेढे घेतले. आकडा ७६. बिल २६३ रुपये. घरच्या विजेपेक्षा महाग, पण रोज थोडंच इथं यायचंय!

नागठाणे, अतीत, उंब्रज... ही तर आमचीच गावं. पुन्हा ते कच्चे वळणरस्ते, धूळ. कोयनेचा पूल आला तेव्हा पावणेदोन वाजले होते. भुईंजला ओलांडलेली कृष्णा इथं कऱ्हाडात येऊन कोयनेला समोरासमोर मिळते, तो आमचा प्रीतिसंगम. पुणं आणि कऱ्हाड साधारण सारख्याच उंचीवर आहेत, असं ह्यांनी मागाहून नकाशात पाहून सांगितलं. मधले सगळे चढ चढायचे, सगळे उतार उतरायचे आणि शेवटी होतो तेवढ्याच उंचीवर यायचं. दारात गाडी उभी केली तेव्हा आकडा ४६. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "बंद पडलीय का गं? आवाज येत नाही." त्यावर भाऊजीसुद्धा हसले. आठ दिवसांनी मात्र दुकानाला न्यायला किल्ली मागायला तेच पहिले आले!

आता ह्या गोष्टीला वर्ष उलटून गेलं. घरात आधी मीटरपासून वेगळी तार ओढून घेतली, तिला वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नये, तार तापते. रात्री अकराला लावते, पहाटे काढते. गिझर आणि गाडी एका वेळी नाही, हा आमच्या घरचा नियम. ऐंशी टक्क्यांवर काढायची, लांब जायचं असेल तेव्हाच शंभर. शाळेच्या दिवसाला सात-आठ युनिटं लागतात. पूर्वी आमचं बिल साडेतेराशेच्या आसपास येई, आता चार हजारांच्या घरात जातं. कारण युनिटं वाढली की दराची पायरीही वाढते. मैत्रिणींनो, नुसता "किलोमीटरला एक रुपया" म्हणून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आपलं स्वतःचं बिल घेऊन बसा आणि १०० आणि ३०० युनिटांची पायरी कुठं ओलांडली जाते ते पाहा. तरीही पेट्रोलच्या साडेसात हजारांपुढं हे पावणेतीन हजार. पतसंस्थेचा हप्ता आणि वीज जाऊन माझ्या पगारातले दोन-अडीच हजार हातात उरतात. थोडे आहेत. पण नोकरी आहे, आणि दोनच्या आत मी घरी असते.

ज्यांच्या मनात अशी गाडी घ्यायचं असेल, त्यांना चार गोष्टी सांगते. पहिली, रात्री गाडी लावायला स्वतःची जागा आणि प्लग नसेल, तर हा विचारच करू नका. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला आधी विचारा. दुसरी, रोजचं जाणं-येणं मोजा, त्याच्या दुप्पट पल्ला जुन्या बॅटरीत उरतो का ते पाहा. ज्यांना रोज उठून दीडशे-दोनशे किलोमीटर फिरायचंय, त्यांच्यासाठी ही सोय नव्हे. तिसरी, बॅटरीची तपासणी आणि हमीचं पत्र हे कागद हातात आल्याशिवाय विसार देऊ नका. विकणारा "गरज काय" म्हणाला, तर तिथून उठा. आणि चौथी, विम्यावर आणि आरटीओच्या पुस्तकावर नाव लावायला चौदा दिवसांच्या आत अर्ज करा. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि आपला नवा घ्या.

पहिला पावसाळा चांगला गेला. टायर नवे घातले, लहान बॅटरी बदलली, त्यात कमी झालेले पंचवीस हजार बरोबर खपले. मोठ्या बॅटरीची वर्षानं पुन्हा तपासणी केली, ८८ ची ८६ झाली आहे. होणारच. वहीत तसं लिहून ठेवलंय. किलोमीटर आता सव्वा लाखाच्या पुढं गेले. चेन्नईच्या ताईंना दर महिन्याला आकडा कळवते, त्यांना मोठी उत्सुकता असते.

कुणी मैत्रीण कऱ्हाडला आली, तर संगमावर चक्कर मारायला जरूर घेऊन जाईन. वही गाडीच्या कप्प्यातच असते. तुम्हांला घ्यायची असेल अशी गाडी, तर आधी ती नजरेखालून घाला.